काडीपैलवानाचा इतिहास: खाल्लेलं अंगी का लागत नाही?

  आजचा भाग ऐकायचा कंटाळा आला तर वाचायला हा मजकूर आहेच. बोलल्यासारखाच लिहिलाय, थोडं सांभाळून घ्या.

आजचा विषय माझ्या घरचा आहे. किंवा माझ्या अंगाचा म्हणा. मी लहानपणापासून बारीक. शाळेत माझं नाव होतं काडीपैलवान. लग्नकार्यात गेलो की कुठली तरी मावशी मनगट धरून बघायची आणि म्हणायची, "काय रे, आई जेवायला घालते की नाही?" आईचा चेहरा पडायचा. ती बिचारी ताटात तुपाची धार वाढवायची आणि शेवटी वैतागून म्हणायची, "याच्या अंगीच लागत नाही काही."

'अंगी लागणं' हा शब्दप्रयोग नीट ऐका. खाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं, हे आपल्या भाषेला आधीपासून माहीत आहे. मला ते कळायला बावीस वर्षं लागली आणि मध्ये एक मूर्खपणा करावा लागला.

झालं असं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझी उंची पाच फूट आठ इंच आणि वजन ४८ किलो. जिममधल्या एका ओळखीच्यानं कागदी पुडीत गोळ्या दिल्या. वर नाव नाही, काही नाही. "आयुर्वेदिक आहेत, महिन्यात फरक." फरक पंधरा दिवसांतच दिसला. भूक खवळली, गाल भरले, वजनकाटा पाच किलो पुढे गेला. घरी गेलो तेव्हा आई खूश. म्हणाली, "बाळसं धरलंय माझ्या पोरानं." मी पण खूश. फक्त जिने चढताना मांड्या थरथरायच्या, आणि जिममध्ये आधी उचलायचो तेवढं वजनही उचलेना.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फार काही विचारलं नाही. नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खड्डा पडला आणि तो भरून यायला वेळ लागला. म्हणाल्या, "हे बाळसं नाही, पाणी आहे. गोळ्यांत स्टेरॉइड असणार." आणि बजावलं, की आता मनानं एकदम बंद करू नकोस, मी सांगते तसं हळूहळू कमी करायचं. दोन महिन्यांत गाल परत आत गेले. पाच किलो आले होते, साडेपाच गेले.

मग मला प्रश्न पडला: बारीक माणसं काही आज जन्माला आली नाहीत. आपल्या आधीच्या काडीपैलवानांनी काय केलं? तिथून हा भाग सुरू झाला.

चरकाचा बारीक माणूस

सुमारे दोन हजार वर्षं मागे जाऊ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, त्याचं नाव 'अष्टौनिन्दितीय'. म्हणजे शरीरावरून ज्यांना लोक नावं ठेवतात अशा आठ प्रकारच्या माणसांचा अध्याय. अति उंच, अति बुटका, अंगावर फार केस असलेला, अजिबात केस नसलेला, अति काळा, अति गोरा, अति लठ्ठ आणि अति कृश. लग्नातली मावशी दोन हजार वर्षांपूर्वीही होती, एवढं यावरून कळतं.

पण चरक तिथं थांबत नाही. तो लठ्ठ आणि कृश यांची तुलना करतो आणि म्हणतो, दोघांनाही त्रास आहेच, पण त्यातल्या त्यात कृश असलेला बरा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईला फोन लावला होता.

मग उपाय. मला वाटलं आता मोठी औषधांची यादी येणार. यादी आहे, पण सुरुवात होते झोपेपासून. झोप, आनंद, सुखाचं अंथरूण, मनाची शांती. चिंता कमी, श्रम कमी. त्यानंतर दूध, दही, तूप, भात, गहू, उडीद, गूळ, मांसरस, अंगाला तेल. शेवटी तो गमतीनं म्हणतो, की कामाची काळजी सोडली, पोटभर पौष्टिक खाल्लं आणि भरपूर झोपलं, की माणूस वराहासारखा पुष्ट होतो. पुस्तक वाचताना मी रात्री दोन वाजता मोबाइलच्या उजेडात बसलो होतो, हा विनोद माझ्या लक्षात आला.

दोन गोष्टी मात्र विनोदाच्या नाहीत. पहिली: चरक सांगतो की कृश माणसाला जे द्यायचं ते पोषण करणारं हवंच, पण पचायला हलकं हवं. म्हणजे कोंबायचं नाही. दुसरी गोष्ट विमानस्थानात आहे. वैद्यानं अंग बघून बळ ठरवू नये, असं तो बजावतो. काही माणसं लहान चणीची, कृश असूनही बलवान असतात, आणि दाखला देतो मुंगीचा. मुंगी केवढी आणि ओझं केवढं वाहते!

म्हणजे वजन आणि बळ हे दोन वेगळे हिशोब आहेत, हे तेव्हाच लिहून ठेवलंय. मी नेमका तेच विसरलो होतो.

नापास झालेला विद्यार्थी

आता थेट १८७३. पुण्याचं डेक्कन कॉलेज. सोळा वर्षांचा एक मुलगा पहिल्या वर्षात दाखल होतो. आदल्याच वर्षी वडील वारलेत. हुशार आहे, विशेषतः गणितात, पण प्रकृतीनं अगदी किरकोळ. नाव बाळ गंगाधर टिळक.

आपण पाहिलेले टिळक म्हणजे पगडी, उपरणं, भारदस्त मिशा. चौकातल्या पुतळ्याचे टिळक. हा मुलगा तसा नव्हता. आणि त्यानं एक हिशोब केला. पुढं जे काही करायचंय त्याला हे शरीर पुरणार नाही, मग आधी शरीर. पहिलं अख्खं वर्ष त्यानं अभ्यास बाजूला ठेवला आणि व्यायाम, कुस्ती, पोहणं यात घालवलं. परिणाम? वर्षाच्या शेवटी परीक्षेत नापास. पुढे मात्र गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाला आणि १८७९ मध्ये एल.एल.बी.

या गोष्टीचं सार लोक 'टिळक व्यायाम करायचे' एवढंच सांगतात. मला त्यातला वेळ महत्त्वाचा वाटतो. एक वर्ष. पंधरा दिवस नाही, 'महिन्यात फरक' नाही. टिळकांसारख्या माणसालाही अंगी लागायला वर्ष द्यावं लागलं, आणि त्याची किंमत म्हणून एक परीक्षा मोजावी लागली.

ते वर्ष वाया गेलं का? १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ मध्ये सहा वर्षांची, मंडालेला. तिथं मधुमेह होता, खाण्याची पथ्यं होती, परका मुलूख होता, आणि तिथंच गीतारहस्य लिहून झालं. कॉलेजात कमावलेल्या शरीरानं तुरुंगात साथ दिली, हे त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. आपण नापास व्हावं असं मी म्हणत नाहीये. घरच्यांनो, कृपया मेसेज करू नका.

खुराक आणि सत्तावन्न किलो

टिळक तालमीत गेले, कारण तेव्हा 'अंग कमावणं' याला दुसरा पत्ताच नव्हता. आणि तालमींची राजधानी म्हणजे कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी तिथं खासबाग मैदान बांधलं, १९१२ मध्ये ते सुरू झालं. मधोमध लाल मातीचा हौदा, चारी बाजूंनी चढत्या पायऱ्या, कुठंही बसा, कुस्ती दिसते.

तालमीतला शब्द आहे खुराक. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. बाहेरच्याला वाटतं पैलवान म्हणजे नुसतं खाणं. मी माझ्या गोळ्यांच्या प्रकरणानंतर गावाकडच्या तालमीत एका वस्तादांना भेटायला गेलो. सत्तरीचे असतील. मी विचारलं, "वस्ताद, वजन वाढवायला काय खाऊ?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "झोपतोस किती?" मी गप्प. मग म्हणाले, "खाल्लेलं अंगाला लागत न्हाई पोरा, पचलेलं लागतंय. मेहनत कर, खा, झोप. एक जरी चुकलं तर खुराक गटारात."

तालमीतला दिवस तसाच असतो. पहाटे मेहनत, मग खुराक, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा माती. चरकानं श्रम कमी सांगितले होते, तालीम भरपूर मेहनत सांगते. मग खरं कोण? मला वाटतं दोघंही. चरकापुढं अशक्त माणूस होता, ज्याला व्यायाम सोसत नाही. वस्तादापुढं धडधाकट पोरगा असतो. पण झोप दोघांच्याही यादीत आहे.

आणि आता मुंगीचा दाखला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले ते फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोपर्यंत. सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीत बँटमवेट गटात उतरले, ५७ किलोपर्यंत, आणि कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सत्तावन्न किलोच्या गटात! लग्नात भेटले असते तर त्या मावशीनं त्यांचंही मनगट धरून बघितलं असतं, फक्त सोडवून घ्यायला तिला अवघड गेलं असतं.

१९४८ ची दुसरी गोष्ट

खाशाबा लंडनला खेळले त्याच वर्षी, सप्टेंबर महिन्यात, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. संधिवातानं जखडलेल्या एका तरुण बाईला डॉक्टर फिलिप हेंच यांनी एका नव्या औषधाचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांत ती चालायला लागली. ते औषध म्हणजे कॉर्टिझोन. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं.

पण लवकरच दुसरी बाजू दिसली. हे औषध जास्त दिवस घेणाऱ्यांचे चेहरे चंद्रासारखे गोल होऊ लागले. अंगात पाणी साठायचं, चरबी पोटावर आणि चेहऱ्यावर जमायची, रक्तातली साखर वाढायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हातापायांचे स्नायू झिजायचे. वजन वाढतंय आणि बळ कमी होतंय. माझ्या थरथरणाऱ्या मांड्या आठवल्या?

योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत ही औषधं जीव वाचवतात. पण त्या औषधाचा जो दुष्परिणाम, तोच कुणीतरी पुडीत बांधून 'तब्येत बनवायच्या गोळ्या' म्हणून विकतो. गिऱ्हाईक मिळतं, कारण लाज जुनी आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मासिकांत यीस्टच्या गोळ्यांच्या जाहिराती यायच्या, हाडकुळ्या मुलींकडे कुणी बघत नाही, या घ्या आणि भरा. चार्ल्स ॲटलस नावाचा शरीरसौष्ठवपटू ९७ पौंडांच्या, म्हणजे ४४ किलोच्या मरतुकड्या पोराची गोष्ट सांगून टपालानं व्यायामाचे धडे विकायचा. आज हेच रील्सवर चालतं. आधी लाज वाटायला लावायची, मग माल विकायचा.

मग अंगी लागत का नाही?

आईच्या प्रश्नाचं उत्तर विज्ञानानं बरंच उशिरा शोधलं. १९९० मध्ये कॅनडातले क्लॉड बुशार यांनी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या घेतल्या. शंभर दिवसांपैकी ८४ दिवस प्रत्येकाला रोज एक हजार कॅलरी जादा खायला घातल्या. सगळ्यांना सारखंच जादा. सरासरी आठ किलो वजन वाढलं. पण कुणाचं चार किलोच्या आसपास, तर कुणाचं तेरा. आणि जुळ्या भावांचे आकडे एकमेकांच्या जवळ. म्हणजे माझ्या बारीकपणात आईचा दोष नाही, आजोबांचा थोडा असू शकतो.

१९९९ मध्ये जेम्स लेव्हीन यांनी, पुन्हा त्याच मेयो क्लिनिकमध्ये, १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जादा दिल्या. कुणाची चरबी जेमतेम पाव-अर्धा किलो वाढली, कुणाची चार किलोंवर. फरक कुठं होता? ज्यांची वाढली नाही त्यांच्या हालचाली नकळत वाढल्या होत्या. बसल्या जागी चुळबुळ, उठणं, फिरणं. मी हे वाचत असताना माझा पाय टेबलाखाली हलत होता. अजूनही हलतोय.

आणि शेवटची गोष्ट आपल्या पुण्याची. केईएम हॉस्पिटलचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. बघायला दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही अशीच दिसली. जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू बरेच कमी, पण चरबी मात्र त्या मानानं राखलेली. बाहेरून बारीक, आतून चरबी. पुढे मधुमेहाचा धोका इथूनच सुरू होतो.

म्हणून आपल्यासारख्या बारीक पोरापोरींनी वडापाव, कोल्ड्रिंक आणि मिठाईवर वजन वाढवलं, तर काटा हलेल, पण वाढेल ते पोट. हातपाय काडीचेच राहतील.

माझं वर्ष

मग मी काय केलं? आधी तपासण्या. थायरॉइड, साखर, रक्त. कारण जन्मापासून बारीक असणं वेगळं आणि अचानक बारीक होणं वेगळं. वजन आपोआप उतरत असेल, ताप, खोकला, जुलाब, सतत थकवा असेल, तर पॉडकास्ट बंद करा आणि डॉक्टर गाठा.

माझं सगळं ठीक निघालं. मग टिळकांसारखं स्वतःला एक वर्ष दिलं, परीक्षा सांभाळून. रोजच्या जेवणावर थोडंच जादा: मूठभर शेंगदाणे आणि गूळ, दोन केळी, एक मोठा ग्लास दूध. एवढ्यानं साधारण पाचशे कॅलरी होतात. जेवणात उसळ किंवा अंडी रोज. एका वेळी पोट फुगेपर्यंत नाही, दिवसात पाच वेळा. आठवड्यात तीन दिवस जोर, बैठका आणि वजनं, दर वेळी मागच्यापेक्षा जरासं जास्त. आणि रात्री अकराला मोबाइल दुसऱ्या खोलीत. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

पहिल्या महिन्यात अर्धा किलो वाढलं. अर्धा! पुडीवाल्याची खूप आठवण आली. मग मी काट्याऐवजी वहीत बैठका लिहायला लागलो. सुरुवातीला सलग वीस व्हायच्या. वर्ष संपलं तेव्हा शंभर होत होत्या. वजन ५४ किलो. सहा किलो, बारा महिन्यांत. रीलला घालण्यासारखं काही नाही.

मी अजूनही बारीकच दिसतो. गेल्या महिन्यात चुलत बहिणीचं लग्न होतं, मावशीनं परत मनगट धरलं. म्हणाली, "आहेस तसाच आहेस रे." तेवढ्यात मांडवाच्या दारात गॅसचं भरलेलं सिलिंडर आलं, आचारी हाका मारत होता. मी ते खांद्यावर घेतलं आणि मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. परत आलो तर आई मावशीशी बोलत होती. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण चेहरा पडलेला नव्हता.

तुमच्यापैकी कुणाच्या खिशात तशी पुडी असेल, तर ती घेऊन उद्या डॉक्टरांकडे जा. लाजू नका, मी पण गेलो होतो. भेटू पुढच्या भागात. जेवून घ्या, आणि वेळेवर झोपा.